खालच्या मळ्यातली बर्ली

वायाळांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी तंबाखूला हात लावला नाही, हे आष्टीत सगळ्यांना माहीत होतं आणि ज्याला नव्हतं त्याला वायाळ स्वतः सांगत. हात लावला नाही म्हणजे पिकवली नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. खाण्याबाबत घराण्याचं काही धोरण नव्हतं. भुजंगराव वारले तेव्हा त्यांच्या कमरेची चंची सोडवायला दोन माणसं लागली होती. थोरले चिरंजीव अप्पाराव दिवसातून सहा वेळा चुना-तंबाखू मळत. गेल्या आषाढात ‘आपल्या रानात असली घाण उगवणार न्हाई’ असं त्यांनी धाकट्या भावाला बजावलं, तेव्हाही त्यांच्या तळहातावर तीच होती आणि बोलणं संपेपर्यंत ती तोंडात गेली.

पुंजारामने तरीही लावली. खालचा मळा भुजंगरावांनी दोन्ही मुलांच्या आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या चांगुणाबाईंच्या नावावर केला होता, त्यामुळे तिथं काय पेरायचं हे तिघांनी ठरवायचं होतं आणि म्हणून वर्षानुवर्षं एकटे अप्पाराव ठरवत. या खेपेला पुंजारामच्या बाजूला अचानक अप्पारावांचाच मुलगा जाऊन उभा राहिला. संपत परभणीला शेतीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता आणि शिकलेलं कुठं तरी करून बघायची त्याला घाई होती. चांगुणाबाईंनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. तंबाखूला संमती म्हणून कागदावर अंगठा देताना त्यांनी एकच अट घातली. रानात जीवहत्या करायची नाही.

मग अप्पारावांनी निवाडा दिला होता. एक साल. पान विकत घेणाऱ्या कंपनीच्या साहेबानं प्लॉट पास केला, तर खालच्या मळ्यात काय लावायचं ते यापुढं पुंजाराम ठरवील, कायमचं. नाही केला, तर कापूस, आणि पुंजारामने त्या मळ्याबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही.

नवीन जालन्याहून तो साहेब आज अकरा वाजता येणार होता.

*

सकाळी सातला पुंजारामची बायको शिवकन्या बगलफूट काढायला मळ्यात आली. शेंडे खुडल्यापासून हे रोजचं काम होतं. शेंडा मोडला की झाड पानांच्या बगलेतून नवे कोंब काढतं, ते मोडायचे, चार दिवसांनी पुन्हा मोडायचे. हाताला डिंकासारखा काळा चिकटा बसे आणि तो भाकरीलाही लागे. पुंजाराम दोन महिने कडू भाकरी खाऊन राहिला होता आणि एकदाही बोलला नव्हता. यावरून त्याच्या बायकोला अंदाज आला होता की नवऱ्याचा जीव या दोन एकरांत किती अडकला आहे.

तिलाही हे पीक आता आपलं वाटू लागलं होतं. बी इतकं बारीक होतं की राखेत कालवून वाफ्यात टाकताना तिनं श्वास रोखून धरला होता. गाव म्हणे, बिडीची काळी तंबाखू लावा, ती निदान ओळखीची आहे. संपतने मात्र हट्टानं बर्ली एकवीस नावाची जात आणली. ही भट्टीत भाजायची नाही, छपरीत सावलीला वाऱ्यावर वाळवायची. रोपं मुळाशी कुजून कोलमडायला लागली तेव्हा मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपलं. तो चुना आपल्या डबीतला असावा असा संशय अप्पारावांना शेवटपर्यंत राहिला. पोटॅशही साधं चालत नव्हतं, त्यानं म्हणे पान नीट जळत नाही. सल्फेटवालं पोटॅश मिळवायला पुंजारामने जुन्या जालन्याला तीन खेपा केल्या आणि तिसऱ्या खेपेला पोतं मांडीवर घेऊन एसटीत बसून आला.

शिवकन्या पहिल्या सरीत शिरली आणि थांबली. पानाची चाळण झाली होती. दुसऱ्याची, तिसऱ्याचीही. पानांवर काळ्या लेंड्या होत्या. तिनं एक पान उलटलं, तर मधल्या शिरेला धरून बोटाएवढी अळी निवांत पडलेली, रात्रीचं जेवण अंगावर आल्यासारखी.

“अहो,” तिनं हाक मारली.

*

नऊच्या एसटीनं परतूरहून संपत उतरला आणि मळ्यात पोचला, तेव्हा छपरीसमोर असं दृश्य होतं. उसना आणलेला फवारणीचा पंप, त्याच्या शेजारी पाण्याचं टिपाड, टिपाडाच्या झाकणावर मांडी घालून चांगुणाबाई, आणि त्यांच्यासमोर हातात एंड्रीन या जहाल कीटकनाशकाची बाटली घेतलेला पुंजाराम.

“आक्का, ऊठ तिथून.”

“उठत न्हाई.”

“सायब अकराला येऊन राह्यला. त्याच्या आत दोन एकर मारून होतंय.”

“मार की. माझ्यापासून सुरू कर. मी बी इतके सालं तुझं खाऊनच राह्यले.”

“चेष्टा करायची येळ हाय का ही?”

“चेष्टा तू करून राह्यला. जीव मारणार न्हाई म्हून कबूल केल्तं का न्हाई? ह्याच छपरीत? अंगठा घेताना?”

“तवा अळी नव्हती!”

“अळी नसताना तर समदेच कबूल करतेत.”

पुंजारामने पुतण्याकडं पाहिलं. “संप्या, सांग हिला. तुझ्या कॉलेजात काय सांगतेत ते सांग.”

संपतने पिशवी खाली ठेवली. कॉलेजात सांगत त्याप्रमाणे एवढी मोठी झालेली अळी फवाऱ्यानं लवकर मरत नाही, आणि तोडणीला आलेल्या पानावर एंड्रीन मारलं तर त्याचा वास महिनाभर जात नाही. हे तो म्हणालाही. पण त्याची नजर काकाच्या खांद्यावरून पलीकडं बांधावर गेली होती. प्लॉटच्या चारी बाजूंनी पुरुषभर उंचीचा एरंड लावलेला होता. आता तिथं नुसत्या काड्या उभ्या होत्या. एकाही झाडाला पान नव्हतं.

“म्हंजे मारू बी नको अन् ठेवू बी नको,” पुंजाराम म्हणाला. “लई शिकला रे तू.”

*

अप्पाराव आले ते बांधावरून, सावकाश, काठी टेकत. काठीची त्यांना गरज नव्हती, पण निवाडा देण्याच्या दिवशी ते ती घेत. घरी केशरबाई असत्या तर त्यांनी नवऱ्याला आज घराबाहेर पडू दिलं नसतं. पण त्या लेकीच्या बाळंतपणाला सेलूला गेल्या होत्या.

“काय गोंधळ हाय?”

शिवकन्येनं पदर पुढं ओढला आणि छपरीच्या तुराट्यांच्या कुडाला पाठ लावून उभी राहिली. अप्पारावांनी एक पान काठीनं उचललं. भोकांतून त्यांना पलीकडचा धाकटा भाऊ दिसला.

“कापसावर अशी अळी कधी पडली न्हाई आपल्याकडं,” ते म्हणाले. हे खरं नव्हतं, पण त्यांना तो क्षण तसं म्हणण्यासारखा वाटला.

संपत एका झाडाशी बसला होता. त्यानं पान मोडलं, हुंगलं, बोटांत चुरलं. “काका, आपण नत्राचे किती हप्ते दिले?”

“दोन. तू लिहून दिल्ते तेवढे. एक लागवडीला, दुसरा मातीची भर देताना.”

“मंग पान इतकं लुसलुशीत कसं? बर्लीला युरिया लागतो, पण आता ह्या टायमाला त्याचा जोर सरायला पाहिजे. हे तर पालकाच्या भाजीसारखं दिसून राह्यलं. असं कोवळं पान असलं की अळी दुसरीकडं बघत न्हाई.”

शिवकन्या महिनाभर एक गोष्ट पोटात ठेवून होती. थोरल्या दिराशी, म्हणजे भासऱ्यांशी, थेट बोलायची घरात रीत नव्हती, आणि ही रीत तिला आजवर सोयीचीच वाटली होती. तिनं नणंदेकडं तोंड केलं.

“वन्सं, भासऱ्यांना इचारा. दिवाळीच्या आधी चार दिवस, तांबडं फुटायला, पाटी घेऊन खालच्या मळ्यात काय करून राह्यल्ते?”

टिपाडावर चांगुणाबाईंनी मान वळवली. विचारण्याची गरज नव्हती, अप्पाराव आठ हातांवर उभे होते.

“दादा?” पुंजाराम म्हणाला.

अप्पारावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“दादा, काय फेकलं?” पुंजारामने बाटली खाली ठेवली, आणि ते सगळ्यांना ती हातात असण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं. “अळी आणून टाकली? मी हरावं म्हून? सांग. तू टाकली का न्हाई?”

जन्मापासून पुंजाराम थोरल्या भावाला ‘तुम्ही’ म्हणत आला होता. संपत उठून उभा राहिला. दोघांच्या मधे जावं असं त्याला वाटलं, पण कोणाकडं तोंड करून उभं राहावं ते कळेना.

“युरिया,” अप्पाराव म्हणाले.

“काय?”

“युरिया टाकला. दीड पोतं. माझ्या गव्हाचा होता.”

“काहून?”

“पिवळं पडल्तं.”

कोणालाच काही समजलं नाही.

“पिवळं पडल्तं!” अप्पाराव ओरडले. “देठ पांढरेफटक, पान कावीळ झाल्यावानी. येता-जाता दिसायचं. तीन दिवस बघितलं. चवथ्या दिवशी म्हणलं, ह्याला काय दिसून न्हाई राह्यलं, अन् पोरगं परभणीला. पीक हाय ते. मरू द्यायचं का?”

“आबा,” संपत हलकेच म्हणाला, “बर्ली तशीच असते. जातच तशी. देठ पांढरा अन् पान पोपटीच राहतं तिचं. ती आजारी नव्हती.”

“मला कोण सांगणार? तुम्ही समदे एक झाल्ते. ह्या घरात चार महिने माझ्याशी कोणी बोललं का?”

हे खरं होतं. पुंजारामने चिडायचा प्रयत्न केला, तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला, आणि मग ओसरला. त्यानं मनातल्या मनात भावाला चोर ठरवायची बरीच तयारी केली होती आणि आता ती सगळी वाया गेली होती. दीड पोतं युरिया म्हणजे दादांच्या गव्हाचं यंदा काय होणार, हेही त्याच्या लक्षात आलं. ते विचारावं असं त्याला वाटलं आणि विचारवलं नाही.

“पण युरियातून काही अळ्या निघत न्हाईत,” तो शेवटी म्हणाला. “आक्का रोज येचून राह्यली. दोन महिने. सकाळ-संध्याकाळ डालड्याचा डबा भरून. मंग इतक्या आल्या कुठून?”

संपतला आता बोलणं भाग होतं. त्याला वाटलं होतं, बापाच्या युरियावर दिवस निभावून जाईल.

“आत्या, येचलेल्या अळ्यांचं तू काय केलं?”

“काय करनार? एरंडावर सोडल्या.”

आधीच तोडून छपरीत वाळत घातलेली झाडांची खालची पानं वाऱ्यानं एकमेकांना घासली.

“सोडल्या?” पुंजाराम म्हणाला.

“तूच सांगितलं ना रे, संपत? अंगठा घ्यायच्या आधी. शेतीची छापील पत्रिका वाचून दाखवली. एरंड अळ्यांसाठी लावायचा, त्यांना तो लई आवडतो, तिकडं गेल्या की तंबाखूला हात लावत न्हाईत. मी म्हणलं, ही झाली शेती. जीव बी जगला, पीक बी जगलं. अंड्याचा पुंजका असंल तर पान तोडून तसंच्या तसं एरंडाच्या पानाला बाभळीच्या काट्यानं टाचलं. एक दिवस खाडा केला न्हाई.” त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “परवा एरंडाचं शेवटचं पान संपलं. मला घोर लागल्ता, आता ह्या खातील काय.”

पुंजाराम टिपाडाशेजारी जमिनीवर बसला.

“पत्रिकेत पुढं काय होतं?” त्यानं पुतण्याला विचारलं.

संपतला पत्रिका पाठ होती. “एरंड हे सापळा पीक आहे,” तो खाली बघत म्हणाला. “पतंग त्यावर अंडी घालतात. ती अंडी व अळ्या तेथेच वेचून,” इथं तो थांबला, “रॉकेलच्या पाण्यात बुडवून नष्ट कराव्यात.”

“अन् हे तू हिला वाचलं न्हाई.”

“वाचलं असतं तर आत्यानं अंगठा दिला असता का? मला वाटलं, वेचायचं काम काकू करील. आत्या स्वतः करील हे...” त्यानं वाक्य सोडून दिलं.

चांगुणाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. या पोराला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्याच्या परभणीच्या डब्यात न चुकता चटणी दिली होती, आणि मळ्याच्या कागदावर अंगठा उठवला तो पुंजारामसाठी नव्हता, याच्यासाठी होता.

“म्हंजे खोटं सांगितलं मला.”

“खोटं न्हाई, आत्या. अर्धं.”

“अर्ध्याला काय म्हणतेत तुमच्या कॉलेजात?”

त्या टिपाडावरून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकट्यानं, कोणी पुढं केलेला हात न घेता. “मार पुंजाराम तुझं औषध. मी बाजूला झाले. पाप मी केलं का तुम्ही, ते मला आता कळेना. पण त्या माझ्या हातानं जगल्यात, तवा आधी जेवढ्या घावतील तेवढ्या मी काढून नेते. राह्यलेल्यांचं तू बघ.”

त्यांनी छपरीच्या खुंटीचा डालड्याचा डबा काढला आणि पहिल्या सरीत शिरल्या.

दहा वाजून गेले होते. पंप मोकळा होता, टिपाड मोकळं होतं, बाटली हाताशी होती. तीन तासांपासून पुंजाराम ज्यासाठी भांडत होता ते सगळं त्याला मिळालं होतं. तो उठला, बाटली उचलली, आणि सरीत वाकलेल्या बहिणीकडं बघत उभा राहिला. ती एकेक पान उलटत होती, अळीला शिरेवरून दोन बोटांनी अलगद सोडवत होती, आणि मधूनच पदरानं डोळे पुसत होती. हाताला चिकटा होता, त्यानं डोळे आणखी चुरचुरत असणार.

“शिवकन्ये,” तो म्हणाला, “घरून डबे आण. हायेत तेवढे.”

“अन् नेऊन सोडायच्या कुठं?” शिवकन्येनं विचारलं. “एरंड तर संपला.”

अप्पाराव आकाशाकडं बघत होते. “बांधापलीकडं माझी तूर हाय,” त्यांनी आकाशाला सांगितलं. “शेंगा भरल्यात तिच्या. पानांचं काही काम राह्यलं न्हाई आता.”

मग ते काठी कुडाला टेकवून वाकले, आणि चुन्याची डबी रिकामी करून त्यात पहिली अळी ठेवली.

*

साहेब अकराला आला नाही. बाराला आला नाही. दोन वाजेपर्यंत वायाळांनी दीड एकर वेचलं आणि सतरा डबे तुरीत नेऊन सोडले. ओळीनं पाच माणसं, आणि पाचांत एकमेकांशी बोलत होती ती दोनच, तीही ‘डबा इकडं दे’ एवढंच. संपत आत्याच्या शेजारची सर धरून होता. तो पुढं गेला की ती मागं थांबे. पुंजारामचं लक्ष रस्त्याकडं होतं. अळ्या जात होत्या, पण भोकं कुठं वेचणार? प्रत्येक पानामागं त्याला मळा हातातून निसटताना दिसत होता. कापूस, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि आजवर त्यानं या मळ्यात स्वतः ठरवून एक कोथिंबिरीचा वाफासुद्धा लावलेला नव्हता.

चारला मोटारसायकल वाजली. साहेब पोरसवदा होता, घामानं भिजलेला, त्याला अजून दोन गावं करायची होती. तो सरळ सरीत शिरला. मागं पुंजाराम, त्याच्या मागं संपत, बांधावर काठी घेऊन अप्पाराव.

“साहेब,” पुंजाराम म्हणाला, “परवापर्यंत एकदम बराबर होतं. रात्रीतून अळी...”

“पोटॅश कुठलं दिलं?”

“सल्फेटवालं. पण साहेब, ही भोकं...”

साहेबानं पान हुंगलं. “औषध मारलंय?”

पुंजारामने बहिणीकडं पाहिलं. “न्हाई.”

“नक्की? बरं झालं. वास आला असता तर मी इथूनच परत गेलो असतो.” त्यानं देठ मोडून रंग पाहिला. “नत्र थोडं जास्त झालंय. आठवडाभर तोडणी लांबवा.”

“अन् भोकं?”

“कसली भोकं?”

पुंजारामने एक पान त्याच्यासमोर धरलं. त्यातून साहेबाचं नाक दिसत होतं.

“ही होय,” साहेब म्हणाला. “अहो, हे पान शेवटी बारीक कापूनच मिसळतात सिगारेटीत. अखंड पान घेऊन आम्हाला काय करायचंय?” त्यानं मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला, ‘पास’ लिहिलं, खाली सही केली आणि पाणी मागितलं.

पाणी शिवकन्येनं दिलं. साहेब गेला.

“ठरलं तसं,” अप्पाराव म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, घसा साफ करून. “खालचा मळा तुझा. काय लावायचं ते तू ठरवायचं. मी मधे बोलणार न्हाई.”

पुंजारामने मान हलवली. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण चिकट्यानं कागद त्याच्या बोटांना चिकटून बसला होता आणि तो सोडवण्यातच ती वेळ गेली.

पानं छपरीत सव्वा महिना वाळली, मोळ्या बांधून जालन्याला गेली. पुढच्या जूनमध्ये पुंजारामने कोणाला न विचारता, स्वतः ठरवून, खालच्या मळ्यात कापूस लावला.